उषाबाईंची पुठ्ठ्यांची पुस्तकं

सुरतेतल्या डिंडोलीच्या उषाबाई बोरसे यांची ही हकीकत मी दोघींकडून ऐकली आहे. एकदा त्यांच्या स्वतःच्या तोंडून आणि एकदा त्यांची मुलगी हर्षदा हिच्या तोंडून. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी उषाबाईंचं खरं मानलं, कारण हर्षदा तेव्हा अगदीच लहान होती. रंगवून सांगण्यात मात्र हर्षदाच पुढे आहे.

उषाबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. नववीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन सुरतेला आल्या. नवरा भाईदास उधन्याच्या एका कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. दिवसभर लुमांच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाचा आवाज चढतोच. भाईदासनी घरात पाणी मागितलं तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. शेजारच्या इंदुबाई परभणीकडच्या. त्या कधीकधी थट्टेनं स्वतःच तांब्या भरून दारात यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या भाऊ, आमच्याकडंच मागितलं असं वाटलं."

उषाबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. टेम्पोवाला सकाळी गठ्ठे टाकून जायचा. साडीच्या उलट्या बाजूला नक्षीचे जे सुटे धागे लोंबतात ते छोट्या कात्रीनं काढायचे आणि साडी बाजूला सारायची. कामात हात गुंततात, तोंड मोकळं राहतं. त्यामुळे तीन वर्षांची हर्षदा साड्यांच्या ढिगाला टेकून बसायची आणि मायलेकींच्या दिवसभर गप्पा चालायच्या. घरात बोलणं अहिराणी. गल्लीतल्या पोरांकडून हर्षदानं गुजराती उचललं होतं, हिंदी कुठून आलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

९५ सालच्या उन्हाळ्यात उषाबाईंच्या मामेबहिणीचा साखरपुडा झाला. नवरदेवाकडची मंडळी नाशिकची. पंगत बसायला उशीर होत होता. हर्षदा सगळ्यांच्या मधोमध उभी राहून आईला म्हणाली, "माय, माले भूक लागनी. जल्दी आप ने."

एका दमात तीन भाषा: अहिराणी, हिंदीतलं 'जल्दी' आणि गुजरातीतलं 'आप ने', म्हणजे 'दे ना'. माणसं हसली. नवरदेवाच्या मावशीनं तिला जवळ ओढलं, हातावर जिलबी ठेवली आणि विचारलं, "ही कुठल्या गावची बोली म्हणायची ग, छकुले?" सगळे पुन्हा हसले. हर्षदाही हसली. त्या हसण्यात कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे उषाबाई आजही सांगतात. पण त्यांना ते लागलं.

लागण्याचं कारण जुनं होतं. पाचवीला त्या गावातून पारोळ्याच्या शाळेत गेल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून त्यांच्या तोंडून 'मला'ऐवजी 'माले' निघालं होतं. वर्ग खदखदला. बाई रागावल्या नाहीत, पण उषाबाईंनी त्या दिवसापासून वर्गात बोलणंच कमी केलं. वाचायला त्यांना आवडायचं, उत्तर येत असायचं, पण हात वर जायचा नाही. आपल्या मुलीचं असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी जिलबी खाणाऱ्या हर्षदाकडे बघत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी घरात कायदा लागू झाला. यापुढे फक्त शुद्ध मराठी. माय म्हणायचं नाही, आई म्हणायचं.

"आनि मी काय म्हनू?" भाईदासनी विचारलं.

"तुम्ही आधी 'मला' म्हणायला शिका. 'माले' बंद."

भाईदास मुळात भला माणूस. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. जेवायला बसले की पाठीचा कणा ताठ करून म्हणायचे, "मला... एक भाकर... पाहिजे आहे." कचेरीतली सूचना वाचून दाखवावी तसा तो स्वर. दर वाक्याला उषाबाई काहीतरी दुरुस्त करायच्या. काही दिवसांत भाईदास कंटाळले आणि बोटानं खुणा करून भाकर मागू लागले. एवढ्या मोठ्या आवाजाचं घर इतकं शांत झालं की इंदुबाई काळजीनं विचारायला आल्या, "भांडण बिंडण झालं का काय तुमच्यात?"

उषाबाईंनी स्टेशनजवळच्या दुकानातून अक्षरांचा रंगीत तक्ता आणला आणि भिंतीला लावला. रोज दुपारी त्या हर्षदाला त्याच्यासमोर उभं करायच्या. अ अननसाचा. हर्षदानं अननस कधी पाहिला नव्हता. तिला ते कणीस वाटलं आणि तिनं तसं सांगितलं. ई ईडलिंबाचा. ईडलिंबू तर उषाबाईंनीही पाहिलं नव्हतं. "ते काय असतं?" असं हर्षदानं विचारलं असतं तर त्यांची पंचाईतच झाली असती, पण हर्षदानं विचारलं नाही. तिनं आता काहीच विचारणं सोडलं होतं. पूर्वी साड्यांच्या ढिगाला टेकून तिची बडबड थांबत नसे. आता ती "हं" म्हणायची, "नाही" म्हणायची आणि बापासारखीच बोटानं दाखवायची. तक्त्यावरची अक्षरं मात्र तिनं पोपटासारखी पाठ केली. उषाबाईंना वाटलं, चाललंय ते बरंच चाललंय. मुलगी शांत झाली, शहाणी झाली.

लूमच्या कारखान्याला आठवड्यातून एक दिवस वीज नसायची, तीच भाईदासची सुट्टी. अशाच एका सुट्टीला उषाबाई कपड्यांचं बोचकं घेऊन नळावर निघाल्या. जाताना नवऱ्याला बजावून गेल्या, "नुसते लोळू नका. पोरीला काही वाचून दाखवा. मोठं माणूस वाचताना दिसलं की लहानाला गोडी लागते."

घरात वाचण्यासारखं होतं काय? गावाकडून आलेले पापड एका मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. भाईदासनी तो कागद घेतला, मांडी घातली, हर्षदाला मांडीवर घेतलं. त्यांची शाळा तिसरीतच सुटली होती. त्यांना वाचता यायचं, पण एकेक अक्षर दगडासारखं उचलावं लागायचं. पहिल्या ओळीशी ते बराच वेळ झटले. मग त्यांनी नळाच्या दिशेनं एक नजर टाकली आणि कागद तसाच डोळ्यांसमोर धरून आपल्या मनानं सुरू केलं.

"एक कोल्हा व्हता. त्याले टरबूज भलतं आवडे. तापीना काठवर एक मायनी वाडी व्हती..."

ती गोष्ट अशी. कोल्हा रोज म्हातारीच्या वाडीत घुसून टरबूज खातो. एक दिवस म्हातारी काठी घेऊन येते. पळायला जागा नाही, तेव्हा कोल्हा अर्धं खाल्लेलं टरबूज डोक्यावर पालथं घालतो आणि त्याच्या आत लपून हळूहळू चालू लागतो. म्हातारी बघते तर टरबूज आपल्या पायांनी निघालंय.

"टरबूज चाली ऱ्हायनं!" भाईदास आपल्या कारखान्याच्या आवाजात म्हणाले.

हर्षदा मांडीवरून खाली पडेपर्यंत हसली. "मंग? मंग काय व्हयनं, बापू?"

पुढच्या सुट्टीला तोच कागद, तोच कोल्हा. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही तेच. भाईदासना एकच गोष्ट पुन्हा तशीच सांगणं काही जमत नसे. एकदा म्हातारीनं टरबुजाला नमस्कार केला. एकदा कोल्हा टरबुजासकट रेल्वेत बसून उधना स्टेशनवर उतरला. उषाबाई नळावर असायच्या आणि परत येईपर्यंत बापलेक साळसूद चेहऱ्यानं बसलेले असायचे.

हे उघडकीला आणलं हर्षदानंच. एका दुपारी उषाबाई कामाला बसल्या होत्या. हर्षदा आतून तो पापडाचा कागद घेऊन आली, आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "कोल्हा वाच."

उषाबाईंना काही कळेना. त्यांनी कागद पाहिला आणि जे होतं ते वाचलं. "विहीर खोदाईच्या कामासाठी निविदा मागविण्यात येत आहेत."

"नही. कोल्हा वाच."

"अगं, यात कोल्हा नाहीये."

"शे. बापू वाचस ना. आठेच शे." हर्षदानं कागद उलटा केला, मागून पाहिलं, खाली वाकून जमिनीवर पाहिलं. मग तिचा चेहरा पडला आणि ती रडायला लागली. "बापूनी कोल्हा काढी लिधा."

संध्याकाळी भाईदास घरी आले तेव्हा उषाबाईंनी कागद त्यांच्यासमोर धरला. "यात कोल्हा कुठं आहे ते जरा मलाही दाखवा."

भाईदासनी चप्पल काढायच्या आधीच सगळं कबूल केलं. "वाचता वाचता पोरगी झोपी जाई. म्हनून मनानं सांगितलं. तू सांगितलं तशी शुद्धमधे माले येत नही ती गोष्ट."

उषाबाई रागावणार होत्या. पण दुपारपासून त्यांच्या मनात दुसरंच घोळत होतं. हर्षदा कागद घेऊन आली तेव्हा ती किती दिवसांनी एवढी बोलली होती. चिडून, रडून का होईना, आपल्या बोलीत पूर्ण वाक्यं बोलली होती. आणि तिला त्या कागदात काहीतरी हवं होतं. अननस आणि ईडलिंबू रोज भिंतीवर होते, पण त्यांच्यासाठी ती कधी रडली नव्हती. कागदावरच्या काळ्या खुणांत गोष्ट राहते, एवढं तिला आपलं आपण कळलं होतं. फक्त तिला चुकीचा कागद मिळाला होता.

"मग बरोबर कागद करू या," उषाबाई म्हणाल्या. भाईदासना वाटलं, आपण वाचलो.

इंदुबाई रिंगरोडच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जायच्या. घडीत ताठपणासाठी पांढरा पुठ्ठा घालतात. त्यातले कोपरा दुमडलेले दुकानदार फेकून द्यायचा. उषाबाईंनी इंदुबाईंना ते आणायला सांगितले. रंगीत खडू गल्लीच्या दुकानात मिळाले. दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर त्या हर्षदाला घेऊन बसल्या आणि पहिल्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: एक कोल्हा होता.

मग बोट ठेवून वाचून दाखवलं. "एक कोल्हा होता. त्याला टरबूज..."

"नही," हर्षदा म्हणाली.

"काय नाही?"

"बापूना कोल्हा असा नही. एक कोल्हा व्हता."

"लिहिताना 'होता' असंच लिहितात, बाळा."

"मंग हाऊ दुसरा कोल्हा शे." हर्षदा उठून दारात जाऊन बसली.

उषाबाईंनी पुठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला. आयुष्यात त्यांनी पत्रं लिहिली होती, निबंध लिहिले होते, मैत्रिणींच्या वहीत शुभेच्छा लिहिल्या होत्या. पण ज्या शब्दांत त्यांच्या आईनं त्यांना जेवायला बोलावलं, ते शब्द त्यांनी कधी लिहिलेच नव्हते. ते लिहायचे असतात असं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी 'होता' खोडलं आणि 'व्हता' लिहिलं. 'ऱ्हायनं' कसं लिहायचं यावर तर त्यांना बराच विचार करावा लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण तो आवाज थेट माहेरच्या ओट्यावरचा होता.

हर्षदा दारातून परत आली. पुढची सगळी गोष्ट तिनं सांगितली आणि आईनं ती जशीच्या तशी उतरवली. चित्रं दोघींनी काढली. कोल्हा मांजरासारखा झाला, टरबूज मात्र फर्मास जमलं. भाईदासनी कारखान्यातून वाया गेलेला धागा आणला, पुठ्ठ्यांना भोकं पाडली आणि ओवून बांधलं. बोरशांच्या घरातलं ते पहिलं पुस्तक.

त्या दिवशी घरचा कायदा उठला. तसं कोणी जाहीर केलं नाही. उषाबाईंनी जेवताना भाईदासना विचारलं, "आखो भाकर दिऊ का?" आणि भाईदासनी शेजारपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "दे" म्हटलं.

पुस्तक झालं आणि भाईदासवर नवीन संकट आलं. पूर्वी कोल्हा मनाला येईल तिकडे हिंडायचा. आता त्याचा रस्ता बांधला गेला होता. भाईदासनी "कोल्हा रेल्वेमधे बठना" असं सुरू केलं की हर्षदा त्यांचा हात पकडायची. "आठे रेल्वे लिखेल नही." बिचाऱ्यांना खरोखर वाचावं लागलं. बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत ते वाचायचे आणि मांडीवरची पोर त्यांच्यासाठी थांबायची. अडले की धीर द्यायची, "घाई करू नको, बापू. चित्र देख." काही महिन्यांनी कारखान्यात सुपरवायझरनं लावलेली पाटी त्यांनी सगळ्यांच्या आधी वाचली, याचं कारण हा कोल्हाच होता, असं ते सांगायचे.

हळूहळू हर्षदाला जिकडे तिकडे अक्षरं दिसू लागली. एकदा भाईदास तिला सायकलच्या दांडीवर बसवून उधन्याकडे निघाले होते. समोर बस उभी होती. बसवर गुजरातीत शहराचं नाव लिहिलेलं. हर्षदानं ते बघितलं, ओठ हलवले आणि जाहीर केलं, "सु, दोन, त."

गुजरातीतला र हुबेहूब आपल्या दोनच्या आकड्यासारखा असतो. भाईदासना हसू आवरेना, सायकल थांबवावी लागली. त्यांनी हा किस्सा कारखान्यात सांगितला आणि पुढे कित्येक दिवस तिथले खानदेशी कारागीर एकमेकांना "काय, सुदोनतमधे कवय ऊना?" म्हणजे सुरतेत कधी आलास, असं विचारायचे. घरी आल्यावर हर्षदानं आईला विचारलं, "त्या अक्षरंसवर छप्पर का नही?"

"ती गुजराती अक्षरं. ती बिनछपराची राहतात," उषाबाईंनी सांगितलं. "आपली छपराखाली राहतात." हे उत्तर तिला इतकं पटलं की त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक पाटीखाली थांबून ती अक्षरांवर शिरोरेषेचं छप्पर आहे की नाही ते तपासायची. दुकानात जायला दुप्पट वेळ लागू लागला.

इंदुबाईंची मुलगी अश्विनी हर्षदाच्याच वयाची. आई कामावर गेली की ती उषाबाईंकडे असायची. कात्री चालवता चालवता उषाबाई दोघींशी खेळायच्या. "प-नं सुरू होणारं सांगा." हर्षदा म्हणायची पानी, पतंग, पोयी. अश्विनी विचार करून म्हणायची, "पऱ्हाटी." तिच्या आजोळी कापूस होता. मग न-चं, मग क-चं. साड्यांचा ढीग संपायचा पण शब्द संपायचे नाहीत.

अश्विनीनंही पुस्तक मागितलं. तिला कोल्हा नको होता. तिची गोष्ट टेम्पोची होती. टेम्पो आला. टेम्पोत साड्या बसल्या. साड्या बाजारात गेल्या. टेम्पो रिकामा घरी आला. एवढंच. तिच्या शब्दांत, परभणीच्या वळणानं, उषाबाईंनी ते लिहून दिलं. अश्विनी ते रोज वाचायची, कधी सरळ धरून, कधी उलटं.

इंदुबाईंना काळजी वाटली. "उषाताई, ही वाचायली का नुसतं पाठ म्हणायली?"

"पाठच म्हणते आहे."

"मग काय उपयोग?"

"म्हणू द्या. पाठ आहे म्हणून तर तिला ते आपलं वाटतं."

असं म्हणाल्या खऱ्या, पण उषाबाईंना स्वतःलाही खात्री नव्हती. हर्षदा एव्हाना अक्षरं जुळवून छोटे शब्द लावायला लागली होती आणि अश्विनी अजून टेम्पो उलटा धरत होती. महिने गेले. उषाबाईंनी तिला घाई केली नाही, फक्त वाचताना बोट शब्दाखाली ठेवायला शिकवलं.

मग एका दुपारी अश्विनी नेहमीसारखी बोट फिरवत म्हणत होती, "टेम्पो घरी आला." आणि थांबली. तिचं तोंड संपलं होतं, पण पुठ्ठ्यावर एक शब्द शिल्लक होता. तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा एक शब्द उरला. ती पुठ्ठा घेऊन उषाबाईंकडे आली. "काकू, हे एक उरायलंय."

उषाबाईंनी कात्री खाली ठेवली. "मग बघ बरं, कुठला राहिला?"

अश्विनी बोटानं हळूहळू चालत गेली. टेम्पो. तिथे थांबली. मग पुढचा शब्द. र... रि... "रिकामा," ती म्हणाली. "टेम्पो रिकामा घरी आला. मी रिकामा विसरले होते."

इंदुबाई कामावरून आल्या तेव्हा उषाबाईंनी त्यांना दारातच अडवून हे सांगितलं. इंदुबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली, लेकीला समोर बसवलं आणि सगळं पुस्तक ऐकलं. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच." त्या दिवशी त्यांच्या घरी खिचडीवर भागलं.

९८ सालच्या जूनमध्ये दोघींची नावं महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीला घातली. शाळेत केळुसकर नावाचे सर होते, कोकणातले, वयानं उतरणीला लागलेले, बोलायला मऊ. उषाबाईंनी हर्षदाचं दप्तर स्वतः भरलं होतं. पाटी, पेन्सिल, डबा. पुठ्ठ्यांची पुस्तकं त्यांनी मुद्दाम कपाटावर ठेवली होती. घरात ठीक होतं. शाळेत कोणी 'व्हता' पाहिलं आणि वर्ग हसला तर?

पहिल्याच आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी सरांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर कोल्हा होता. हर्षदानं खुर्चीवर चढून तो कपाटावरून काढला होता आणि फ्रॉकच्या आत लपवून नेला होता.

उषाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "सर, ते घरचं आहे. चुकून आलं."

"बसा हो," सर म्हणाले. "हे मला वाचता येतं, पण कळत नाही. म्हणून तुमच्या लेकीला विचारलं." त्यांनी हर्षदाकडे वळून पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "हे काय म्हणालीस मला?"

"टरबूज चालतंय," हर्षदा म्हणाली. "कोल्हा आत आहे ना, म्हणून."

"पण इथे तर 'चाली ऱ्हायनं' लिहिलंय."

"हे बापूचं आहे, सर. बापू 'चाली ऱ्हायनं' म्हणतो. तुम्ही 'चालतंय' म्हणा."

उषाबाईंच्या लक्षात आलं. जे 'मला' आणि 'माले' त्यांच्या घरात महिनाभर भांडत होते, ते या पोरीच्या तोंडात शेजारी शेजारी बसले होते. तिला कुठलंच टाकावं लागलं नव्हतं. कोणाशी काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं, आणि लाज कशाची वाटायची ते ठाऊक नव्हतं.

सर हसत होते. "माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत," ते म्हणाले. "माझं त्यांना परकं वाटतं, त्यांचं मला समजत नाही. आज हिनं हे वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसली. थोडे दिवस ठेवून घेऊ का?"

"ठेवा," उषाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टेम्पोचंही आहे एक. हवं तर उद्या पाठवते."

सरांनी मुलांना आपापल्या घरची एकेक गोष्ट सांगायला लावली आणि उषाबाईंना विचारलं, शनिवारी येऊन लिहून द्याल का? इंदुबाईंनी पुठ्ठे पुरवायचं काम अंगावर घेतलं. शनिवारी उषाबाई वर्गात खाली बसायच्या आणि मुलं त्यांच्याभोवती गोष्टी घेऊन रांग लावायची. मामाच्या बैलाची, हरवलेल्या चपलेची, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, कापल्या गेलेल्या पतंगाची. सगळीच मुलं त्यामुळे भराभर वाचायला लागली असं नाही. काहींना दुसरी उजाडली. एका मुलानं तर वर्षभर फक्त चित्रंच काढली. पण वर्गात आवाज वाढला. मुख्याध्यापक एकदा विचारायला आले की एवढा गोंगाट कसला, तेव्हा सर म्हणाले, "वाचन चाललंय."

पुढच्या वर्षी डिंडोलीत नवीन बालवाडी निघाली आणि तिथे मदतनीस हवी होती. केळुसकर सरांनी उषाबाईंचं नाव सुचवलं. भाईदास म्हणाले, "जाय. साड्यासना धागा कापाले जग पडेल शे." उषाबाई गेल्या. तिथे खानदेशी मुलं होती, मराठवाड्यातली होती, गुजराती होती. बोली कुठलीही असो, उषाबाईंचा पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असायचा: घरी कोण कोण आहे आणि काल काय मजा झाली?

हर्षदा सांगते की तिला सगळ्यात लख्ख आठवतो तो बालवाडीचा एक दिवस. शाळेला सुट्टी होती म्हणून ती आईबरोबर गेली होती. लुमांवर काम करणारं ओडिशाचं एक कुटुंब नुकतंच गल्लीत राहायला आलं होतं. त्यांची चार वर्षांची मुलगी आईच्या पदरामागे लपून दारात उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, गुजराती येत नव्हतं, आणि ओडिया तिच्या आईशिवाय तिथे कोणालाच येत नव्हतं. उषाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. खडू आणि कोरा पुठ्ठा मध्ये ठेवला आणि वाट बघत राहिल्या.

बऱ्याच वेळानं त्या मुलीनं पदराबाहेर हात काढला. हाताचा तळवा उभा धरून तिनं तो पाण्यात पोहल्यासारखा हलवला आणि हळूच म्हणाली, "माछ."

"माछ," उषाबाईंनी म्हटलं आणि मासा काढला. मुलगी वाकून बघायला लागली. तिनं खडू मागितला आणि माशाला डोळा काढला. उषाबाईंनी खाली दोन अक्षरं लिहिली, वर छप्पर ओढलं, आणि पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला.